कॉम्प्युटर सायन्सचा माणूस कुलगुरू होतो तेव्हा नेमकं काय करतो? आणि मी विभागप्रमुखपद घ्यावं का?

प्रश्न मिरजेहून आला आहे. विचारणाऱ्या मॅडम कॉम्प्युटर सायन्सच्या सहयोगी प्राध्यापक आहेत, वय ४१, हाताखाली पीएचडीचे दोन विद्यार्थी, आणि जूनपासून विभागप्रमुखपद गळ्यात पडणार आहे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्यात. हे पद घेतलं तर संशोधन बुडेल का? परदेशात कॉम्प्युटरवाले विद्यापीठाचे ‘प्रेसिडेंट’ होतात, ते कसे? आणि आपल्याकडे तसं होता येतं का?

मी सांगलीत ३३ वर्षं कॉम्प्युटर शिकवला. विभागप्रमुख झालो, अधिष्ठाता म्हणजे डीन झालो, अभ्यास मंडळ, विद्या परिषद, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन) दोन फेऱ्या, सगळं अंगावरून गेलं. कुलगुरूपदासाठी एकदा अर्ज केला, शोध समितीसमोर सादरीकरणही केलं, पण पॅनेलमध्ये नाव आलं नाही. त्यामुळे शेवटच्या पायरीबद्दल मी पाहिलेलं-वाचलेलं सांगणार, त्याखालच्या पायऱ्यांबद्दल मात्र गुडघे दुखेपर्यंत चढलेल्या माणसाचं बोलणं समजा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा ‘प्रेसिडेंट’ म्हणजे आपला कुलगुरू. रोज ऑफिसात बसणारा, बजेट बघणारा, निवेदन घेऊन आलेल्या पोरांना सामोरा जाणारा. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल, त्यांचा रोजच्या कारभाराशी संबंध बेताचाच. म्हणून संगणकवाला विद्यापीठप्रमुख म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच विजय भटकरांचं नाव घेतात, पण तो दाखला इथे बसत नाही. ‘परम’ महासंगणकाचं श्रेय त्यांचंच, २०१७ मध्ये ते नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले हेही खरं. कुलगुरूचं काम वेगळं.

आता ज्या माणसाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या विभागप्रमुखाला देतो, तो जॉन केमेनी. जन्म १९२६, बुडापेस्टचा. १९४० मध्ये आपल्या ज्यू कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. प्रिन्स्टनला शिकत असतानाच लष्करात भरती होऊन लॉस अॅलामॉसला, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर गेला. तिथे तेव्हा आकडेमोड आयबीएमच्या कार्डयंत्रांवर चालायची. परत येऊन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्याकडे पीएचडी केली आणि त्याच काळात आइन्स्टाइनचा गणिती मदतनीस म्हणूनही काम केलं. मग डार्टमथ नावाच्या, न्यू हॅम्पशायरमधल्या आडगावच्या कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला आणि तिशीच्या आतच विभागप्रमुख. आडगाव हा शब्द मुद्दाम वापरतोय. एमआयटी, हार्वर्डच्या तुलनेत ते ठिकाण म्हणजे पुण्याच्या तुलनेत आपण.

तिथे त्याने आणि थॉमस कर्ट्झने काय केलं ते बघा. त्या काळात कॉम्प्युटर वापरायचा म्हणजे कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी घ्यायचं. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा दुसरा दिवस. या दोघांनी ठरवलं की मशीनचा वेळ बारीक तुकड्यांत वाटायचा. एकाच कॉम्प्युटरला अनेक टेलिटाइप (टंकयंत्रासारखी टर्मिनलं) जोडायचे, प्रत्येकाला वाटलं पाहिजे की मशीन आपलंच आहे. यालाच टाइम-शेअरिंग म्हणतात. सोबत एक सोपी भाषा केली, बेसिक. १ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमाराला केमेनीने आणि एका विद्यार्थ्याने दोन वेगवेगळ्या टर्मिनलवरून एकाच वेळी ‘रन’ दाबलं आणि दोघांनाही उत्तर आलं. त्या यंत्रणेचा बराचसा कोड पदवीच्या पोरांनी लिहिला होता. वापर सगळ्या विद्यार्थ्यांना खुला होता. इतिहासवाला असो की साहित्यवाला, ग्रंथालयात पुस्तक काढताना कुणी ‘कशाला हवं’ विचारत नाही, तसंच कॉम्प्युटरचं असावं, ही दोघांची भूमिका.

१९७० मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, हा माणूस डार्टमथचा प्रेसिडेंट झाला. पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

डार्टमथ १७६९ चं कॉलेज, दोनशे वर्षं फक्त मुलांचं. केमेनीला मुलींना प्रवेश द्यायचा होता. माजी विद्यार्थ्यांचा विरोध होता, आणि त्यातला मोठा मुद्दा अगदी आपल्याकडच्यासारखा होता: मुली आल्या की मुलांच्या जागा कमी होणार. जागा कमी करायच्या नाहीत तर वसतिगृहं वाढवायला हवीत, त्याला पैसे कुठून आणायचे? यावर तोडगा निघाला तो वेळापत्रकाचा. कॉलेज वर्षभर चालवायचं, चार सत्रं करायची, उन्हाळ्यातलंही एक पूर्ण सत्र धरायचं. सगळे विद्यार्थी एकाच वेळी गावात नसतील, कुणी या सत्रात सुट्टीवर, कुणी त्या. तेवढ्याच खोल्यांत जास्त विद्यार्थी बसले, मुलांची संख्या राहिली आणि १९७२ पासून मुली आल्या.

आता हे आणि टाइम-शेअरिंग शेजारी ठेवून बघा. मशीन एक, मागणारे अनेक, म्हणून वेळेचे तुकडे. खोल्या तेवढ्याच, राहणारे जास्त, म्हणून वर्षाचे तुकडे. केमेनीने स्वतः ही तुलना केली की नाही यात मला पडायचं नाही, हे वाचन माझं आहे. पण मला त्यात एकच डोकं दिसतं. असे लोक कॉम्प्युटर सोडून प्रशासनात जातात असं आपण म्हणतो. मला वाटतं, ते आधीपासून तेच काम करत असतात.

हे मला पटायचं कारण घरचं आहे. मी १९८९ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा आमच्या लॅबमध्ये सहा पीसी-एक्सटी होते. हिरवी अक्षरं, सव्वापाच इंची फ्लॉप्या, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि वर्गात मुलं ४२. शिकवायचो काय, तर जीडब्ल्यू-बेसिक, म्हणजे केमेनीच्याच भाषेची नात. प्रॅक्टिकलच्या बॅचेस हजेरीपटाप्रमाणे आडनावाच्या अक्षरावरून पाडलेल्या, कारण आधीपासून तसंच होतं. मी सहा महिने तसंच चालवलं. मग एकदा लक्षात आलं की शेवटच्या बॅचमधली तीन-चार पोरं दर आठवड्याला प्रोग्रॅम अर्धा टाकून जातात. मला वाटलं, आळशी आहेत. एकाला झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, कवठेमहांकाळची एसटी चुकती.”

त्या रात्री मी हजेरीपट बाजूला ठेवला आणि कोण कुठून येतं त्याची यादी केली. कवठेमहांकाळ, तासगाव, पलूसची पोरं पहिल्या बॅचला, सांगली-मिरजेची शेवटच्या. एक पै खर्च नाही, एक मशीन वाढवलं नाही. कुरकूर झाली, सांगलीच्या दोन पालकांनी प्राचार्यांकडे तक्रारही केली. पण त्या वर्षी प्रॅक्टिकलला त्या बॅचमधलं कुणी नापास झालं नाही. झापलेल्या पोराची माफी मात्र मागायची राहून गेली.

मॅडम, तुम्हाला विभागप्रमुख म्हणून जे करायचंय ते याच जातीचं आहे. वर्कलोड वाटणं, सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) पोरांना कुठले तास द्यायचे ते ठरवणं, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये १२ वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर अजून जिवंत दिसतायत त्यांचं निर्लेखन करणं, प्रोजेक्टर एक आणि मागणारे तीन विभाग. यात तुम्हाला रस वाटतो का, हा पहिला प्रश्न. वाटत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. मी पाहिलेले काही उत्तम संशोधक विभागप्रमुख म्हणून दोन वर्षं चिडचिडले आणि विभागालाही चिडचिडं करून गेले.

दुसरं मोठं नाव जॉन हेनेसी. १९७७ मध्ये पीएचडी झाल्या झाल्या स्टॅनफर्डला लागला. १९८१ पासून मिप्स प्रोसेसरवर काम, १९८४ मध्ये रजा काढून त्याच नावाची कंपनी काढली आणि नंतर परत वर्गात आला. डेव्हिड पॅटरसनबरोबर १९९० मध्ये लिहिलेलं कॉम्प्युटर आर्किटेक्चरचं पुस्तक तुम्ही एमटेकला वाचलं असेलच. १९९४ मध्ये विभागप्रमुख, १९९६ मध्ये अभियांत्रिकीचा डीन, १९९९ मध्ये प्रोव्होस्ट (प्रेसिडेंटच्या खालोखालचं शैक्षणिक पद), आणि २००० पासून २०१६ पर्यंत, सोळा वर्षं, प्रेसिडेंट. २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे कॉम्प्युटर सायन्समधला सर्वांत मोठा मान, दोघांना मिळालं ते प्रोसेसरच्या रचनेवरच्या त्यांच्या जुन्या कामासाठी.

तारखा नीट बघा. विभागप्रमुखपदापासून प्रेसिडेंटपदापर्यंत सहा वर्षं. लोकांना तेवढंच दिसतं. मला त्याआधीची सतरा दिसतात, ज्यात चिप, कंपनी आणि पुस्तक झालं. आपल्याकडे उलटं होतं. पस्तिशीत समन्वयक, चाळिशीत तीन समित्यांवर, आणि स्वतःचं म्हणावं असं काम नाही. मग पुढे अधिकाराच्या खुर्चीत बसल्यावर समोरचा प्राध्यापक ऐकतो, पण मानत नाही. दोन्हींत फरक आहे.

हेनेसीच्या काळात २००८ मध्ये स्टॅनफर्डने जाहीर केलं की वर्षाला एक लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची ट्यूशन फी माफ. मोठ्या निधी-मोहिमेत ६ अब्ज डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. हे आकडे आपल्याला स्वप्नवत वाटतात आणि आपल्या कुलगुरूंशी त्यांची तुलना करणं अन्यायाचं आहे, कारण आपल्या कुलगुरूला भरतीची परवानगीसुद्धा मंत्रालयातून आणावी लागते. आणि हेनेसीचंही सगळं जमलं असं नाही. न्यूयॉर्क शहरात नवा कॅम्पस मिळवण्याच्या स्पर्धेत स्टॅनफर्डने उडी घेतली आणि डिसेंबर २०११ मध्ये माघार घेतली, जागा कॉर्नेलला गेली.

मारिया क्लावे यांचं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं. गणितात पीएचडी, आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम, मग विभागप्रमुख, डीन, आणि २००६ ते २०२३ कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजच्या अध्यक्ष, तिथल्या पहिल्या महिला अध्यक्ष. तिथे कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांत चाळीसच्या घरात गेलं. कसं? प्रोग्रॅमिंगचा पहिला पेपर जावा भाषेऐवजी पायथनमध्ये केला आणि वर्ग अनुभवावरून वेगळे केले. ज्यांनी आधी प्रोग्रॅमिंग केलंय ते एकीकडे, ज्यांनी कधीच केलं नाही ते दुसरीकडे. पुढे बसून फडाफडा उत्तरं देणारी चार पोरं वर्गातून निघाली की मागच्या बाकावरची बोलायला लागतात, एवढी साधी गोष्ट. याचं श्रेय तिथल्या प्राध्यापकांचं, त्यांनी अभ्यासक्रम बदलला. अध्यक्षांनी त्याला बळ दिलं. यातलं वर्ग वेगळे करणं तुम्ही पुढच्या जुलैत करू शकता, अभ्यास मंडळाची परवानगीही लागणार नाही, फक्त बॅचेस बदलायच्या.

आपल्या देशातून गेलेले सतीश त्रिपाठीही आहेत. बनारस हिंदू विद्यापीठात शिकले, टोरोंटोला कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी, मेरीलँडला प्राध्यापकी, आणि २०११ मध्ये बफेलो विद्यापीठाचे प्रेसिडेंट झाले. वाट तीच: विभाग, डीन, प्रोव्होस्ट, मग प्रेसिडेंट.

आता आपल्याकडचा हिशोब. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कुलगुरूपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षं, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक-प्रशासकीय संस्थेत दहा वर्षांचा अनुभव लागतो. सहयोगी प्राध्यापकपदाची वर्षं यात धरत नाहीत, इथेच अनेकांचा हिशोब चुकतो. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. शोध समिती नावांचं पॅनेल देते, त्यातून कुलपती निवडतात. तुम्ही ४१च्या. कॅसमधून, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेतून, प्राध्यापक व्हायला समजा आणखी तीन वर्षं, म्हणजे ४४. दहा वर्षं धरली की ५४. पूर्ण पाच वर्षं हवी असतील तर साठीच्या आत नेमणूक व्हायला हवी. म्हणजे तुमच्या हातात सहा वर्षांची खिडकी, आणि तेवढ्या काळात आसपासच्या विद्यापीठांत जागा निघणार एक-दोन. यावर आयुष्याची आखणी करू नका. कॅसची फाईल मात्र आजच उघडा. आपल्या जिल्ह्यात मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांची प्राध्यापकपदाची तारीख कागद वेळेत न दिल्याने चार-चार वर्षं मागे गेली आणि पुढचं सगळं गणितच कोलमडलं.

माझ्या मुलाखतीचंही सांगतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. माझं सादरीकरण देखणं होतं. सगळं ऑनलाइन, उत्तरपत्रिकांची स्क्रीनवर तपासणी, निकाल तीस दिवसांत. समितीतल्या एकांनी शांतपणे विचारलं, “अधिसभेत एखाद्या विषयावर दोन तास गोंधळ झाला, तर तुम्ही काय कराल?” मी नियम सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. बाहेर पडल्यावर जिन्यातच मला कळलं, त्यांना नियम नको होता. गोंधळ घालणाऱ्यांपैकी किती जणांशी माझं आदल्या दिवशी बोलणं झालेलं असेल, हे त्यांना बघायचं होतं. ३३ वर्षांत मी यंत्रणा पुष्कळ बसवल्या, माणसांच्या चहाला कमी गेलो.

पण एक प्रसंग असा आहे, ज्यात मला वाटतं मी त्या खुर्चीच्या लायक वागलो. ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी तेव्हा अधिष्ठाता. कॉम्प्युटरवाला म्हणून माझं पहिलं लक्ष सर्व्हरकडे. बॅकअप शाबूत, डेटा सुरक्षित, मी खूश. पूर ओसरल्यावर आठवड्याने भिलवडीची एक मुलगी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत गुणपत्रकांचा लगदा. तिला नोकरीच्या कागदपत्र तपासणीला जायचं होतं, सहा दिवस उरले होते. डुप्लिकेटसाठी नियम असा: पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र, फी, मग अर्ज. अर्ध्या तालुक्यात चिखल, पोलीस ठाण्यात रांग, स्टॅम्प पेपर मिळेना.

मी आमच्या भाऊसाहेबांना सांगितलं, आपल्याकडे रेकॉर्ड आहे, छापून द्या, खाली ‘रेकॉर्डवरून पडताळले’ असा शेरा टाका. भाऊसाहेब तीस वर्षांचे मुरलेले. ते म्हणाले, “देतो की सर. पण ऑडिटला काय सांगू?” मी टिपणी लिहिली, पूरग्रस्त गावांच्या यादीतल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाकडची सर्व कागदपत्रं विनाशुल्क, विनाप्रतिज्ञापत्र, माझ्या जबाबदारीवर. सही केली, तारीख घातली. मग त्यांनी कपाटातून शिक्का काढला. पुढच्या तीन आठवड्यांत दोनशेच्या वर पोरं आली. ऑडिटचा आक्षेप आलाच, त्याचं उत्तर मी दोन वर्षं देत होतो.

डेटाबेस मी बांधला होता, पण तिला कागद मिळाला तो त्या टिपणीमुळे. ग्रंथालयासारखं कुणी ‘कशाला हवं’ विचारू नये, हे केमेनीचं म्हणणं मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

राहिला संशोधनाचा प्रश्न. खरं सांगायचं तर निम्मं बुडतं. दोनच विद्यार्थी आहेत, तिसरा या तीन वर्षांत घेऊ नका. शोधनिबंध कमी होतील. पण शिकवणं सोडू नका. केमेनी प्रेसिडेंट असतानाही दरवर्षी वर्ग घेत होता. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत १९७९ मध्ये अपघात झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं, तरी शिकवणं चालूच. १९८१ मध्ये पद सोडलं आणि तो पुन्हा पूर्णवेळ शिक्षक झाला. परत जायला जागा असली की माणूस खुर्चीला चिकटत नाही, आणि न चिकटलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं.

तेव्हा पद घ्या. फक्त ऑर्डर हातात घेण्याआधी प्राचार्यांशी दोन गोष्टी बोलून घ्या, आणि बोलणं झाल्यावर पत्रही द्या: मुदत तीन वर्षांची, आणि पहिल्या वर्षाचा एक विषय शिकवायला कायम तुमच्याकडे. तासाची वेळ मी माझी सांगतो, सकाळी पावणेआठ. त्या वेळेला मीटिंग लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, मंत्रालय उघडलेलं नसतं, आणि तासगावची एसटी आलेली असते.